रिकाम्या घराचे तीन महिने



गेल्या महिन्यात नात्यातली एक मुलगी विचारायला आली, "मावशी, धायरीत वन बीएचके मिळतोय, ४५ लाखांना. भाड्याने द्यायला घेऊ का?" मी तिला उलट विचारलं, "तीन महिने भाडं आलं नाही, तर तुला रात्री झोप लागेल का?"

हे मी सोसलेलं आहे. माझ्या घरातला पहिला भाडेकरू मे महिन्यात गेला आणि घर ऑगस्टपर्यंत रिकामं राहिलं. दर रविवारी मी खिडक्या उघडायला जायचे. दार उघडलं की ड्रेनेजचा वास. वापर नसला की नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं, हे मला तेव्हा कळलं. बादलीभर पाणी ओतायचं, नळ सोडून बघायचा आणि परत यायचं. हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातच होता.

हे तिला सांगितलं आणि मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. भाडं महिना १४ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, एजंटचं एक महिन्याचं भाडं, रंगरंगोटी वजा केली, तर हातात १ लाख २० हजारांच्या आसपास उरतात. ४५ लाखांवर हे पावणेतीन टक्केही होत नाहीत. मुदत ठेवीवर याहून जास्त मिळतं. आणि तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता २६ हजार. जागेचे भाव वाढतीलही, पण त्या भरवशावर आजचा हप्ता भरता येत नाही.

तिच्या आईला वेगळीच धास्ती होती, भाडेकरू घर बळकावेल अशी. १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळात ज्यांनी वाडे सांभाळले, त्यांच्या घरांतून ही भीती उतरत आली आहे. ती खोटी नव्हती. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सला नीट आधार दिला आहे. कराराची नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे. म्हणून ओळखीतला माणूस असला, तरी नोंदणी टाळू नका. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तेव्हा बिल वाचून भरा.

त्या मुलीने धायरीचं घर सोडलं. भाड्याचा एक रुपया आला नाही, तरी पगारातून १३ हजार सुखाने निघतात, असा तिचा हिशोब निघाला. तेवढ्या हप्त्यात पंधरा लाखांचं कर्ज बसतं. आता ती आईच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर जुन्या इमारतीतला वन आरके बघते आहे. रविवारी मला घेऊन जाणार आहे, नळ सोडून बघायला.