चाळिशी आणि घर

वयाच्या चाळिसाव्या वर्षाला आणि त्या सुमारास डोळ्यांवर चढणाऱ्या चष्म्याला मराठी भाषेने एकच नाव दिले आहे. एखाद्याला चाळिशी लागली असे म्हटले, म्हणजे त्याचे वय सांगितले की चष्म्याची वार्ता दिली, हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ओळखावयाचे असते. वर्तमानपत्र धरलेला हात हळूहळू लांब जाऊ लागतो. सुईत दोरा ओवण्यासाठी धाकट्या मुलीला हाक मारावी लागते. औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे दिव्याखाली नेऊनही लागत नाहीत. ह्यात रोग असा काही नाही. डोळ्यातील भिंगाचा लवचीकपणा बालपणापासूनच थोडाथोडा कमी होत असतो; जवळचे पाहताना ते जितके फुगावयास हवे तितके चाळिशीच्या सुमारास फुगेनासे होते आणि मग ती उणीव जाणवू लागते. लांबचा डोंगर, रस्त्यावरची पाटी, स्टेशनावरचे घड्याळ ही पूर्वीसारखीच दिसत राहतात. अंधुक होते ते हाताशी असलेले.

संसाराचेही ह्या वयात बहुधा असेच होते. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता कोणत्या साली फिटेल, मुलीच्या उच्च शिक्षणाला किती रक्कम लागेल, निवृत्तीस किती वर्षे उरली, हे सारे कर्त्या पुरुषाला तोंडपाठ असते. परंतु पत्नीला गेले तीन महिने रात्री धड झोप लागलेली नाही, वडील अलीकडे जेवताना बोलेनासे झाले आहेत, मुलगा खोलीचे दार लावून घेऊ लागला आहे, ह्या गोष्टी त्याच घरात, चार हातांच्या अंतरावर घडत असूनही त्याच्या ध्यानी येत नाहीत. तो निष्काळजी असतो असे नव्हे. उलट, काळजीने त्याची नजर सदैव दूरवर लागलेली असते.

आजच्या चाळिशीवर इतका भार का पडावा, हे समजण्यासाठी थोडे मागे पाहावयास हवे. प्राचीनांनी आयुष्याचे चार आश्रम कल्पिले. गृहस्थाने आपल्या अंगावर सुरकुत्या आणि केसांत पांढरे दिसू लागले व नातवाचे तोंड पाहिले, म्हणजे अरण्याची वाट धरावी, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्या काळी चाळिशी ही संसाराच्या उतरणीची खूण होती. पुढेही कित्येक पिढ्या हेच चालले. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा १४ वर्षांची ठरली. ती १८ वर्षे होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. लग्ने लवकर होत, म्हणून चाळिशीच्या गृहिणीच्या हाताखाली सून आलेली असे, मोठ्या लेकीची पाठवणी झालेली असे, आणि घराची सूत्रे हळूहळू दुसऱ्या हाती जाऊ लागलेली असत.

आयुर्मानाचेही तसेच. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आता ते सत्तरीच्या घरात पोचले आहे. अर्थात पूर्वीचा तो आकडा बालमृत्यूंमुळे खाली आलेला होता. बालपण पार केलेली माणसे तेव्हाही म्हातारी होतच होती. तथापि आईवडील ऐंशीच्या उंबरठ्यावर आणि मुले दहावी-बारावीत, असा योग एकाच छपराखाली इतक्या घरांतून पूर्वी क्वचितच जुळून येत असेल. आज चाळिशी म्हणजे संसाराचा शेवट नव्हे. ती त्याचा ऐन मध्य आहे. एका हाताला वृद्धांचा हात, दुसऱ्या हाताला मुलांचा, आणि पाय नोकरीधंद्याच्या वाटेवर, अशी ही अवस्था होय.

अशा अवस्थेत सर्वांत जवळची आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती असेल, तर ती स्वतःची प्रकृती. रक्तदाब आणि मधुमेह ही दोन्ही दुखणी न दुखता येतात. पायात काटा रुतला तर माणूस तत्काळ खाली बसतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढत राहिला तरी तो जिने चढतच असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षे व त्यांवरील वयाच्या लोकांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक भरले ते गोव्यात, २६.४ टक्के; म्हणजे दर चार प्रौढ माणसांत एकाहून अधिक. निसर्गाने ज्या भूमीवर इतकी कृपा केली आहे तेथील हा आकडा सर्वांनाच विचार करावयास लावणारा आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यांसाठी तपासणी व्हावी, अशी योजना सरकारी आरोग्यकेंद्रांतून राबविण्यात येते. तिचा लाभ घेण्यास लागतो तो सकाळचा थोडासा वेळ. नेमका तोच काढावयाचा राहून जातो.

पथ्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वैद्याने गोड, तळलेले आणि खारट कमी करावयास सांगितले, की पुष्कळ घरांतून कर्त्या पुरुषासाठी वेगळे पातेले चुलीवर चढते. बाकीच्यांची जिव्हा पूर्ववत चालू राहते आणि गृहिणीचे काम मात्र दुप्पट होते. चार दिवसांत पथ्य मोडते, ह्यात नवल ते काय? इंदूरच्या पोह्यांवरची मूठभर शेव, बडोद्याचे फरसाण, बेळगावचा कुंदा, ग्वाल्हेरची गजक ह्या गोष्टी कोणी कायमच्या वर्ज्य कराव्यात असे नाही. सणासुदीला त्या जरूर असाव्यात. मात्र रोजच्या ताटात त्यांना कायमचे आसन नसावे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ पुरे होते. आणि पापड, लोणचे, फरसाण ह्यांतून पोटात जाणारे मीठ त्याच हिशेबात धरावयाचे असते. पथ्य एकट्या माणसाला लागत नाही, ते घराला लागते. ज्या घराने ते सर्वांसाठी स्वीकारले, त्या घरातील मुलांनाही आपल्या चाळिशीत त्याचा उपयोग होतो. व्यायामाचेही असेच आहे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालणे तज्ज्ञांनी सुचविले आहे. दररोजच्या हिशेबाने ती बावीस मिनिटेही होत नाहीत. पतिपत्नींनी ती बरोबर चालावीत, म्हणजे औषधाबरोबर अनुपानही मिळेल.

हे अनुपान फार मोलाचे आहे. विवाहाला पंधरा-वीस वर्षे झाली, म्हणजे नवराबायकोंचे बोलणे बहुधा सूचनांपुरते उरते. गॅसचे सिलिंडर आले का, शाळेची फी भरली का, भावजींच्या घरच्या मुंजीला काय द्यावयाचे, एवढ्यावर संवाद संपतो. त्यातच पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान स्त्रीच्या शरीरात रजोनिवृत्तीचे मोठे स्थित्यंतर घडून येते. एकाएकी अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, झोप मोडते, मन अकारण खिन्न होते, लहानसहान गोष्टींनी चिडचिड होते. पुढे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वाढत जातो. घरातील माणसे मात्र ह्याला ‘हल्ली तिचा स्वभाव बदलला’ एवढेच म्हणून मोकळी होतात. सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा जिला पाठ असतात, नवऱ्याच्या रक्ततपासणीची तारीख जिच्या लक्षात असते, त्या स्त्रीने स्वतः वैद्याचे तोंड शेवटचे कधी पाहिले, असे विचारले तर पुष्कळदा धाकट्या मुलाच्या जन्माचे साल पुढे येते. ‘मला काय झाले आहे?’ हे तिचे उत्तर खरे मानून गप्प बसणे सोयीचे असते. त्या उत्तरावर विश्वास न ठेवणे, तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसणे, हे ह्या वयातील प्रेमाचे रूप होय.

नात्यांतील समाधान आणि शरीराचे आरोग्य ह्यांचा संबंध केवळ भावनेचा नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये काही तरुणांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यास आरंभ झाला. पुढे त्यात बॉस्टन शहरातील गरीब वस्त्यांतील मुलांचीही भर पडली आणि हे काम ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालले. आरंभीच्या त्या सातशेंहून अधिक व्यक्तींत सारे पुरुषच होते, ही त्याची मर्यादा होय. तरीही त्यातून निघालेला एक निष्कर्ष मननीय आहे. पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, तेच ऐंशीत अधिक निरोगी आढळले. पुढील प्रकृतीचा अंदाज रक्तातील कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा ह्या समाधानावरून अधिक चांगला बांधता आला. आपल्याकडील वडीलधाऱ्यांना हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज भासली नसती. पण हल्ली घरातल्या शहाणपणालाही आकड्यांची साक्ष लागते, म्हणून ती येथे दिली.

वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत चाळिशीतील माणसाची एक गल्लत होते. त्यांची सोय पाहिली म्हणजे त्यांच्याकडे पाहिले, असे त्याला वाटते. औषध वेळेवर, चष्मा नवा, स्नानगृहात धरावयाला दांडा, हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्या वडिलांनी चाळीस वर्षे घरातील प्रत्येक निर्णय घेतला, त्यांना आता कोणी काहीच विचारीत नाही, हे त्यांच्या मुक्या होण्याचे कारण असू शकते. कपाट कोठे ठेवावे, नातीने कोणता विषय घ्यावा, एवढे विचारले तरी पुरते. सल्ला मानलाच पाहिजे असे नाही, विचारला पाहिजे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांत ह्या मधल्या पिढीवर आणखी एक जबाबदारी येते. होळकरांच्या, शिंद्यांच्या, गायकवाडांच्या पदरी चाकरीला आलेल्या घराण्यांचे वंशज आज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आहेत. हैदराबादेत आणि बेळगावाकडेही मराठीची जुनी वस्ती आहे. तेथील मुले शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगू, कानडी किंवा इंग्रजी बोलतात आणि घरी मराठी ऐकतात. काही घरांत तेही कमी होत चालले आहे. आजीच्या म्हणी नातवाला कळत नाहीत आणि नातवाची थट्टा आजीला. दोघांचेही ज्याला कळते, असा घरात एकच माणूस असतो, आणि तो चाळिशीत असतो. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोठले, चैत्रगौरीच्या डाळीला आजेसासूबाई काय घालीत, जात्यावर कोणत्या ओव्या म्हणत, हे आज विचारले तर सांगणारे माणूस ओसरीवर बसलेले आहे. दहा वर्षांनी विचारावयाचे ठरविले, तर उत्तर देणारे कोणी नसेल. एक साधी वही घेऊन रविवारी अर्धा तास आईजवळ बसावे आणि लिहिण्याचे काम मुलाकडे द्यावे. आजीचा वेळ जाईल, मुलाचे अक्षर वळेल, आणि तिन्ही पिढ्या एका ठिकाणी येतील.

मुलांच्या संबंधात संयमाची कसोटी वेगळीच असते. आपल्याला न साधलेले शिक्षण, न मिळालेली पदवी मुलाने मिळवावी, असा आग्रह ह्याच वयात बळावतो. कारण आपल्या हातून ते आता व्हावयाचे नाही, अशी खूणगाठ माणसाने मनाशी बांधलेली असते. ही खूणगाठच पुष्कळदा खोटी असते. रमाबाई रानड्यांनी लग्नानंतर पतीकडून अक्षरओळख करून घेतली. १९०१ मध्ये न्यायमूर्तींच्या निधनाने त्यांच्यावर आकाश कोसळले. तरी १९०९ मध्ये, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, त्यांनी पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे केले आणि कित्येक स्त्रियांना शिक्षणाची व परिचर्येच्या व्यवसायाची वाट मोकळी करून दिली. धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले ते १९१६ मध्ये; त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. त्यानंतरही ते शेहेचाळीस वर्षे जगले. त्यांच्या मागे बाया कर्व्यांनी संसाराची ओढाताण सोसली, हेही विसरता कामा नये. प्रत्येकाने विद्यापीठ काढावे असे कोणी म्हणणार नाही. पण अर्धवट सोडलेली पेटी पुन्हा उघडावी, गावातील मराठी ग्रंथालयाच्या कामात हात घालावा, राहिलेली परीक्षा द्यावी, एवढे कोणालाही शक्य आहे. स्वतः काही शिकत असलेला बाप मुलाला आपल्या वाटणीचे ओझे देत नाही, आणि आई शिकताना दिसली म्हणजे मुलीला निराळा उपदेश करावा लागत नाही.

डोळ्यांना चाळिशी लागली हे मान्य करावयास माणूस प्रथम लाजतो. वर्षभर तो हात लांब करून वाचतो, प्रकाश कमी असल्याची तक्रार करतो, छापखान्याला दोष देतो. चष्मा घेतल्यावर मात्र, हा आधीच का घेतला नाही, असे त्याला वाटते. घराच्या बाबतीत अशी वाट पाहणे परवडणारे नसते. कारण अक्षरे जागच्या जागी राहतात, माणसे राहत नाहीत. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, वर्षातून एकदा पतिपत्नींनी प्रकृती तपासून घ्यावी, आठवड्यातून एक संध्याकाळ वृद्धांची असावी. ह्यासाठी पैसा लागत नाही, दूरदृष्टीही लागत नाही. जवळ बसलेल्या माणसाकडे पाहण्याची सवय तेवढी नव्याने लावून घ्यावी लागते.