गाण्यामागची माणसे
(मुळशी तालुक्यातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



डॉक्टर, इंजिनिअर, वकील यांच्या व्यवसायांविषयी आपण दरवर्षी ऐकता. मी आज संगीताच्या धंद्याविषयी बोलणार आहे. काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडलेली मला इथूनच दिसते. संगीत योग्य की अयोग्य हा वाद मी उकरून काढणार नाही. ते ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावे. परंतु आपल्यातील कितीतरी घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यावर पेटत आली आहे. त्या घरांतील मुलांचे पुढे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझे मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. एका लग्नसराईत सारा व्यवहार तोंडी ठरला आणि हंगाम संपल्यावर मालकाने निम्मेच पैसे हातावर ठेवले. हाती कागद नव्हता, त्यामुळे भांडताही येईना. मी तेव्हा आठवीत होतो. मामा मला म्हणाले, "बेटा, मला वाजवता येते, पण लिहिता येत नाही. तू शाळा सोडू नकोस." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

या धंद्यात लिहिता-वाचता येणाऱ्याचे काय होते, ते पाहा. गोविंदराव, म्हणजेच जी. एन. जोशी हे शिक्षणाने वकील आणि मराठी भावगीताचे आरंभीचे नामवंत गायक. १९३८ साली ते मुंबईत हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. कलावंत हेरणे, त्याला राजी करणे आणि तास-तास चालणारा राग तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत कसा बसेल ते पाहणे, हे त्यांचे काम. पुढे १९६७ साली शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार एकत्र आणून 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांनी काढली. ती जगभर गेली. गाण्याची जाण आणि कायद्याचे शिक्षण एका माणसात आले म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण.

परंतु त्या तबकड्या छापल्या जात कलकत्त्याजवळ डमडमला. गळा महाराष्ट्राचा, कारखाना दूरचा. आपल्या मुळशीकरांना ही गोष्ट नवी नाही. १९२१ साली येथील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्या पाण्यावर भिऱ्याला तयार होणारी वीज मुंबईला गेली. आपल्या पोरांच्या गुणांचेही असेच व्हावे काय?

तसे होऊ न देणारे एक गाव महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे मिरज. तेथील शिकलगार मंडळी पूर्वी तलवारींना धार लावीत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरा आणि सतार घडवण्यास सुरुवात केली. शिकलगारांचे सतारमेकर झाले. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, हात मिरजेचे आणि वाद्य देशभर. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली ते निवर्तल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले गेले आणि तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा भरू लागली. म्हणजे कारागीर, गवई आणि ऐकणारा एकाच गावात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठीही कोणीतरी अर्ज लिहिले, पुरावे जमवले, फायली सांभाळल्याच असतील ना? नुसत्या कारागिरीवर मानांकन मिळत नाही.

मुळशी म्हणजे मिरज नव्हे, हे मी जाणतो. पण पिरंगुट-पौडच्या रस्त्यावर मंगल कार्यालये आहेत, पुणे शेजारी आहे. बँड, ढोल, स्पीकर, मांडव, वाद्यदुरुस्ती, ध्वनिमुद्रण ही सर्व कामे कोणी ना कोणी करतोच. ती आपल्या मुलांनी शिकून, हिशेबाने करावीत.

विद्यार्थी मित्रहो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ठरलेली रक्कम, तारीख आणि वेळ कागदावर घ्या. दोन ओळी पुरतात, पण खाली दोघांची सही हवी. दुसरी, गाणे लिहिले किंवा चाल बांधली, तर त्यावरचा हक्क समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार व संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा मिळतो, आणि तो कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. तिसरी, दहावीच्या आधी शाळा सोडू नका. वाद्य पळून जात नाही, वय मात्र जाते.

आणि पालकांनो, मुलाचा कान चांगला असेल तर त्याला मारून गप्प करू नका, आणि नुसते वाजवायलाही धाडू नका. त्याच्या एका हातात वाद्य असेल, तर दुसऱ्या हातात वही द्या. माझ्या मामांच्या हातात ती नव्हती.