पट आणि हजेरी

ज्याने छत्तीस वर्षे शाळेत मुलांची हजेरी घेतली, त्याने अमेरिकेच्या कायद्याविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मी वकील नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु ज्या अज्ञानाची किंमत स्वतःच्या घराला द्यावी लागते, ते फार दिवस अज्ञान राहत नाही. आज पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतील एखादी सून किंवा एखादा जावई अमेरिकेत कायम वास्तव्याच्या परवान्यावर, म्हणजे आपण ज्याला ग्रीन कार्ड म्हणतो त्यावर, राहत आहे. म्हणून आमच्या घरी काय घडले ते आधी सांगतो आणि मग नियमांकडे वळतो.

माझा मुलगा २०१८ साली अमेरिकेचा नागरिक झाला. २०१९ साली त्याचे लग्न झाले आणि साथीच्या काळातील खोळंबा संपल्यावर २०२२ च्या जूनमध्ये सूनबाई ग्रीन कार्डावर तिकडे गेली. तेथे तिला नोकरी लागली, संसार मांडला गेला. २०२३ च्या नोव्हेंबरात माझी पत्नी वाईच्या घरात जिन्यावरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. मुलाला रजा मिळेना; सूनबाई मात्र बिनपगारी रजा घेऊन चौथ्या दिवशी दारात उभी राहिली. पोटच्या मुलीने करावी तशी सेवा तिने केली. मार्च सरता सरता पत्नी काठी टेकीत अंगणापर्यंत येऊ लागली. सूनबाईचे परतीचे तिकीट २८ एप्रिलचे होते. मी म्हणालो, “मुली, आंबे आता कोठे उतरू लागले आहेत, एवढे संपू देत, मग जा.” ती म्हणाली, “बाबा, सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे, असे तिकडे म्हणतात.” मी उत्तर दिले, “कार्ड दहा वर्षांचे आहे ना? मग सहा महिन्यांचे काय घेऊन बसलीस?” परदेशाच्या कामात जाणकार म्हणविणाऱ्या एका गृहस्थानेही माझ्याच म्हणण्याला मान डोलाविली. आंबे संपले, वटपौर्णिमा झाली, आणि जुलैत, आठ महिने पुरे करून, ती परत गेली.

माझी चूक कोठे झाली, ते शाळेतील दाखल्याने सांगतो. मुलाचे नाव पटावर असणे ही एक गोष्ट, आणि परीक्षेस बसण्यापुरती त्याची हजेरी भरणे ही दुसरी. ग्रीन कार्ड हा पट आहे. नागरिकत्व ही परीक्षा. पटावर नाव राहील की नाही, हे एका कसोटीने ठरते; हजेरी भरली की नाही, हे दुसरीने. मी या दोहोंचा घोटाळा केला.

प्रथम पटाचा विचार करू. कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली, तरी ती कार्डाच्या कागदाची मुदत आहे, गैरहजेरीची सवलत नव्हे. तेथील अधिकारी मूळ प्रश्न विचारतो तो असा, की तुमचे घर कोठे आहे? परदेशी जाणे हे तात्पुरते होते की बिऱ्हाडच हलविले होते? मुक्काम १८० दिवसांहून लांबला, तर परतताना जणू नव्याने प्रवेश मागत असल्याप्रमाणे त्याची चौकशी होऊ शकते. वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. त्यासाठी रीएन्ट्री परमिट नावाचा परवाना असतो. त्याची मुदत फार तर दोन वर्षांची. परंतु त्याचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो, वाईच्या ओसरीवर बसून करता येत नाही. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा: दर सहा महिन्यांनी चार दिवस तिकडे तोंड दाखवून येणाऱ्याचे कार्ड सुरक्षित राहते ही समजूत खोटी आहे. ज्याचे खरे बिऱ्हाड इकडे आहे, त्याचे नाव अशा फेऱ्यांनी पटावर टिकेलच असे नाही.

आता हजेरीकडे वळू. सामान्यतः ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येते. अमेरिकन नागरिकाची पत्नी किंवा पती असेल, तर ही मुदत तीन वर्षांची. मात्र ती तिन्ही वर्षे जोडीदार नागरिक असावा लागतो आणि दोघांचा संसार एकत्र असावा लागतो. दुर्दैवाने घटस्फोट झाला, तर तीन वर्षांची सवलत जाते आणि पाच वर्षांचा सामान्य मार्ग तेवढा उरतो. अर्ज मुदत भरण्याच्या ९० दिवस आधी देता येतो.

या हजेरीत पुन्हा दोन हिशेब आहेत. पहिला दिवसांचा: निम्मा काळ प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर गेला पाहिजे. म्हणजे तीन वर्षांत अठरा महिने, पाच वर्षांत तीस महिने. दुसरा हिशेब सलगपणाचा. एकाच खेपेस सहा महिन्यांहून अधिक परंतु वर्षाहून कमी काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे कायदा गृहीत धरतो. तसे झाले नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडतो. नोकरी सुटली नाही, जवळची माणसे तिकडेच होती, घर राखून ठेवले होते, परदेशी नोकरी धरली नाही, असे पुरावे त्या कामी येतात. वर्ष उलटले, तर वास्तव्य खंडितच समजले जाते आणि तीन वर्षांच्या मार्गाने जाणारास परतल्यापासून निदान दोन वर्षे आणि एक दिवस थांबावे लागते. रीएन्ट्री परमिट येथे उपयोगी पडत नाही: ते पटावरचे नाव राखते, हजेरी भरीत नाही. ज्यांचे पती वा पत्नी अमेरिकन सरकारच्या किंवा काही विशिष्ट अमेरिकन संस्थांच्या व कंपन्यांच्या चाकरीत परदेशी नेमले गेले आहेत, त्यांच्यासाठी कायद्याने निराळी वाट ठेविली आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा तिच्याशी संबंध येत नाही.

आता सूनबाईचा हिशेब पाहा. २०२२ च्या जूनपासून २०२५ च्या जूनपर्यंत छत्तीस महिने. त्यांतून आठ वजा जाता अठ्ठावीस. अठराची अट केव्हाच भरली. दिवसांच्या हिशेबात ती उत्तीर्ण झाली. अडली ती सलगपणात. विमानतळावर तिला तासभर बसवून प्रश्न विचारले. इस्पितळाचे कागद, रजेचे पत्र, घरभाड्याच्या पावत्या, नवराबायकोच्या नावे भरलेला कर, हे सारे जवळ होते म्हणून नाव पटावर राहिले. अशा प्रसंगी घाबरून कार्ड सोडल्याच्या कागदावर सही करू नये. न्यायाधीशापुढे म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हेही आपल्या माणसांना सांगून ठेवावे. पण नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी वकिलाने तिला विचारले, “सासूबाई मार्चअखेर चालू लागल्या, मग पुढचे तीन महिने कशासाठी?” या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. ते माझ्याजवळ होते, आणि ते आंबे हे होते. अखेर २०२५ साली द्यावयाचा अर्ज तिने पुढे ढकलला.

आपण म्हणाल, नागरिकत्वाची एवढी ओढ कशाला? १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसास हे नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला होता, आणि १९४६ च्या कायद्याने ते दार उघडले. तेव्हा त्याचे मोल जुन्या माणसांना ठाऊक होते. ते स्वीकारताना आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे हिंदुस्थानचे नागरिकत्व सुटते, ही हळहळ मलाही आहे. परंतु नागरिकास दिवस मोजावे लागत नाहीत. ओसीआय कार्ड घेऊन सूनबाई वाईस वर्षभर राहिली, तरी तिकडे तिला कोणी जाब विचारणार नाही. म्हणजे जी मुलगी आमच्याजवळ मोकळ्या मनाने राहावी अशी माझी इच्छा, तिचा तो मोकळेपणा मीच दूर लोटला. तीन महिने मागून घेतले आणि त्यापायी वर्षे लांबविली.

तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मागील खेपेस आली तेव्हा मीच भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिच्या निघण्याच्या दिवशी खूण केली. पत्नी म्हणाली, “अहो, आल्या आल्या जाण्याची तारीख कसली लिहिता?” मी म्हटले, “हजेरी मांडतो आहे.”

श्रोतेहो, आपली सून, लेक वा जावई परदेशातून येईल तेव्हा प्रेमाने ठेवून घ्या. पण “आणखी थोडे राहा” म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: निघून किती दिवस झाले, आणि सहा महिने केव्हा भरतात? मुक्काम लांबणे अटळच असेल, तर निघण्यापूर्वीच जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावयास सांगा आणि प्रत्येक कागद जपून ठेवा. आग्रह करणे हा आपला धर्म खरा. परंतु त्या आग्रहाचे दिवस कोणाच्या खात्यावर पडतात हे पाहणे, हाही वडीलधाऱ्यांचा धर्मच आहे.