इंजिन बांधावं की ट्रॅक्टर विकावा?

द्राक्षबागेत फवारणीला चालणारा छोटा ट्रॅक्टर दमला, की इंजिन बांधावं की ट्रॅक्टर विकावा, हा प्रश्न येतोच. घाई करू नका, आधी धूर पाहा. काळा धूर बहुधा एअर फिल्टर किंवा नोझलचा दोष सांगतो. तो कमी खर्चात सुटतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सोबत ब्रीदरमधूनही जोरात धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर झिजल्याची शक्यता मोठी. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. इंजिन खोललंच, तर क्रँक मोजून आणि ब्लॉकला तडा नाही ना, हे पाहूनच सुटे भाग आणा.

ब्लॉक शाबूत, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक चांगले, सुटे भाग बाजारात मिळतात, तर इंजिन जरूर बांधा. ब्लॉक तडकला असेल, किंवा खर्च तशाच चालू ट्रॅक्टरच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर विकलेला बरा. विकताना दोष लपवू नका आणि फॉर्म 29 व 30 भरून आरटीओत नाव बदलून घ्या. ते राहिलं, तर कागदोपत्री मालक तुम्हीच राहता.