लाथेपासून देहरक्षण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात युवक-युवतींपुढे केलेले भाषण)



भाषणाचा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणिसांस तो थट्टेचा वाटला. ज्ञातीच्या मेळाव्यात लाथाळीवर व्याख्यान ठेवल्यास लोक त्याचा संबंध कार्यकारिणीच्या निवडणुकीशी जोडतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखविली. तसा आमचा मुळीच हेतु नाही. मराठी शिकविता शिकविता अनेक वर्षे शाळेतील व्यायामाचा तासही आमच्याकडे होता आणि त्या नात्यानेच आम्ही बोलत आहोत. आपली मुले-मुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस एकटी राहतात, रात्री-अपरात्री स्थानकावर उतरतात, मिरवणुकांच्या गर्दीत सापडतात. त्यांस परीक्षेची तयारी आपण शिकवितो. अंगावर आलेली लाथ कशी चुकवावी हे मात्र कोणी शिकवीत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपटातील नायक उडी घेऊन प्रतिपक्षाच्या कानशिलावर लाथ मारतो. रस्त्यावर असे क्वचितच घडते. तेथील लाथ नडगीवर, गुडघ्यावर, जांघेत किंवा पोटात बसते. आणि सर्वांत घातक लाथ ती, जी खाली पडलेल्या माणसास मारली जाते. ज्यांची मुले तायक्वांदोच्या वर्गास जातात त्यांनीही हे ध्यानी घ्यावे. त्या खेळाच्या स्पर्धेत कमरेखाली लाथ मारणे नियमबाह्य आहे; भांडखोरास तो नियम ठाऊक नसतो. आपल्या कुस्तीचेही तसेच. तीत लाथेस स्थानच नाही. म्हणून पुढे वाकून डोके खाली घेण्याची जी पहिलवानाची सवय, ती मातीत शोभते, रस्त्यावर मात्र तोंडावर गुडघा ओढवून घेते.

लाथेचे मर्म ज्यांच्या घरी गुरे होती त्यांस सहज उमगेल. नाठाळ गाईच्या मागे दोन हातांवर कोणी उभा राहत नाही. एक तर तिच्या पल्ल्यापासून पुष्कळ दूर राहावे, नाही तर अगदी अंगाला भिडून बसावे. जवळ बसलेल्यास धक्का बसतो. पाय पुरा फेकला जाण्यास जेथे जागा मिळते तेथे उभा असलेल्याचे हाड मोडते. माणसाच्या लाथेचेही असेच आहे. तिचा पल्ला हाताहून लांब, आणि सारा जोर पावलाच्या टोकाशी. म्हणून दूर राहा किंवा जवळ जा. मधल्या जागेत रेंगाळू नका.

शक्य तेथे दूर राहणेच उत्तम. भांडण शब्दांत असतानाच दोन पावले मागे सरावे, हात छातीच्या उंचीवर मोकळे ठेवावे, "जाऊ द्या" म्हणून निघून जावे. यात कमीपणा कसला? पायांत सपाता असतील व रस्ता ओला असेल, तर त्या काढून टाकण्याची लाज बाळगू नये. घसरून पडणे हे लाथ खाण्याहून वाईट.

निसटणे अशक्य झाले, तर समोरच्याच्या पायाकडे टक लावू नये, छातीकडे पाहावे. लाथ निघण्यापूर्वी अंगाचा भार दुसऱ्या पायावर जातो आणि तो बदल खांद्यांवरून व कमरेवरून दिसतो. आपण किंचित तिरके उभे असावे, म्हणजे जांघ व पोट समोर येत नाही. गुडघे थोडे वाकलेले असावेत, कारण ताठ गुडघ्यावर बसलेली लाथ सांधा निकामी करू शकते. लाथ सरळ पोटाकडे आली, तर बाजूस सरावे आणि कोपरापासूनच्या हाताने तिला वाटेतून ढकलावे. ती फिरवून मांडीवर मारली जात असेल, तर झटकन एक पाऊल पुढे टाकून मारणाऱ्यास भिडावे. तो त्या क्षणी एका पायावर उभा असतो. साध्या ढकलण्यानेही त्याचा तोल जातो. थायलंडच्या मुएथाईमध्ये गुडघा उचलून अशी लाथ नडगीवर झेलतात. पण त्यास सराव लागतो, आणि ठणक दोघांनाही लागते. पंजे पसरून, खाली वाकून लाथ अडविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्यात बोटे मोडतात, आणि तोंड उघडे पडते ते वेगळेच.

आता पडल्यानंतरचे. येथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, कारण जीव जातो तो येथे.

पडताना हनुवटी छातीस लावावी, म्हणजे डोक्याची मागील बाजू रस्त्यावर आपटत नाही. पाठीवर पडल्यास पाय मारणाऱ्याकडे करावे, गुडघे पोटाशी घ्यावे व तो जसा फिरेल तसे आपणही फिरावे; आपले पाय ओलांडल्यावाचून त्यास डोक्यापर्यंत पोहोचता येत नाही. उठताना पालथे होऊन रांगत उठू नये, कारण तेव्हा बरगड्या व तोंड उघडे पडते. एक हात मागे टेकवून, दुसरा चेहऱ्यापुढे धरून, एक पाय मागे खेचून उठावे आणि उठताच पळावे. मारणारे अनेक असतील आणि उठता येत नसेल, तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी, कोपरे एकमेकांजवळ, दोन्ही हात कान व मानेमागे; आणि जमल्यास पाठ भिंतीस लावावी, म्हणजे मूत्रपिंडे वाचतात.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यास स्थानकाबाहेर तिघांनी पाडून डाव्या बरगडीखाली लाथा मारल्या. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. घरी येऊन त्याने आईस "पडलो" एवढेच सांगितले आणि तो झोपला. मध्यरात्री पाणी मागताना त्याचा आवाज तिला निराळा वाटला. दिवा लावून पाहते तो मुलगा पांढराफटक, घामाने निथळलेला. पानथरी फाटून पोटात रक्तस्राव होत होता. शस्त्रक्रियेने तो वाचला. आईस जाग आली नसती तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी तिला सांगितले नाही, आम्हांस सांगितले.

म्हणून मुलांनो, मार खाल्लात तर तो लपवू नका. वांती, वाढती गुंगी, असह्य डोकेदुखी, ताठ व दुखरे पोट, डाव्या खांद्यात विनाकारण कळ, लघवीतून रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच रात्री रुग्णालय गाठावे. जांघेत मार लागून सूज आली असेल, तर लाजेपायी सकाळची वाट पाहू नये. तेथे तासांचा हिशेब असतो. डॉक्टरांस खरे कारण सांगावे व नोंद करवून घ्यावी. पोलिसांची मदत 112 या क्रमांकावर मिळते. आणि पालकहो, मुलगा असे काही सांगू लागला, तर "तू तिथे गेलासच का?" हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.

कायद्याविषयी थोडक्यात. पूर्वीच्या 1860 च्या दंडसंहितेतील 96 ते 106 ही कलमे खासगी बचावाची होती; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 आहेत. स्वतःच्या व दुसऱ्याच्याही देहाचे रक्षण करण्याचा हक्क आपणांस आहे. परंतु बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा नाही. समोरचा पडला किंवा पळू लागला की तो हक्क संपत आला असे समजावे. पडलेल्यास मारलेली लाथ बचाव म्हणून सांगता येणे कठीण. आणि ती मारणारा आपल्याच घरातला असू शकतो, हेही या सभागृहात कोणीतरी बोलावयास हवे होते, म्हणून आम्ही बोललो.

हे सारे ऐकून येत नाही, अंगी मुरवावे लागते. दोघांनी, अगदी सावकाश, गादीवर पडणे आणि उठणे, एवढ्यापासून आरंभ करावा. येत्या सुटीत वसतिगृहाच्या अंगणात सकाळी अर्धा तास आम्ही येणार आहोत. मुलींनीही यावे, पडण्याची रीत सर्वांस एकच आहे. जुन्या गाद्या दोन मिळाल्या आहेत, आणखी तीन लागतील. ज्यांच्या घरी माळ्यावर असतील त्यांनी त्या उन्हात वाळवून आणून द्याव्यात.