केअर ऑफ 56 ए.पी.ओ.



सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव आपल्याकडे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले आणि इंग्रज सरकारनं त्यांचं स्मारक गावात उभारलं. पण मिलिटरी ही काही एकट्या अपशिंग्याची मिरास नाही. माणात जा, खटावात जा, खाली जत-कवठेमहांकाळकडे जा. पोरगा काय करतो, असं विचारलं की ‘मिलिटरीत आहे’ हे उत्तर ऐकायला मिळतं आणि विचारणाऱ्याचं तिथंच समाधान होतं. मिलिटरीत म्हणजे कुठे, कुणाच्या हाताखाली, कामाला काय, हे पुढं कुणी विचारत नाही. घरच्यांनाही पुष्कळदा ते धड सांगता येत नाही.

वास्तविक ही सगळी माहिती घरातच असते. जवानाला पाकीट पाठवताना त्यावर आपण जो पत्ता लिहितो, तो नीट वाचला की फौजेची निम्मी रचना कळते. आधी नंबर, रँक आणि नाव. त्याखाली कंपनी. त्याखाली पलटण. मग ‘केअर ऑफ 56 ए.पी.ओ.’ आणि 9 या आकड्यानं सुरू होणारा पिनकोड. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. तरी पाकीट पोचतं.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करू. नंबर आधी आणि नाव नंतर, कारण एकाच पलटणीत दोन-तीन संभाजी पाटील सहज निघतात. नंबर मात्र एकाचा दुसऱ्याला नसतो. रँक पाहिली की माणूस फौजेच्या तीन थरांपैकी कुठल्या थरात आहे ते समजतं. शिपाई, लान्स नाईक, नाईक आणि हवालदार हा पहिला थर. लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत अधिकाऱ्यांचा वरचा थर. या दोघांच्या मधे नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. यांना जेसीओ म्हणतात. यांचा नंबरही ‘जेसी’ या अक्षरांनी सुरू होतो. हा मधला थर ही आपल्या उपखंडाची खासियत आहे. इंग्रज किंवा अमेरिकन फौजेत तो असा नाही. चोवीस-पंचवीस वर्षांचा लेफ्टनंट पलटणीत नवा येतो, तेव्हा त्याला माणसं कशी सांभाळायची हे शिकवणारा सुभेदार वीस-बावीस वर्षं नोकरी झालेला असतो. तो त्याला ‘साहेब’ म्हणतो आणि लेफ्टनंटही त्याला ‘साहेब’च म्हणतो. गावाकडे निवृत्त सुभेदाराला जो मान मिळतो, तो काही फुकटचा नाही. (रँकचं आकर्षण आपल्या भागाला जुनंच. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत कुंडलचे रामचंद्र लाड ‘कॅप्टन भाऊ’ झाले आणि जी. डी. बापू लाड फील्ड मार्शल!)

दुसरी ओळ कंपनीची. पायदळात सगळ्यात लहान तुकडी म्हणजे सेक्शन, दहाएक जवानांचं. त्याचा प्रमुख हवालदार किंवा नाईक. हे दहा जण एका बराकीत झोपतात, एकत्र जेवतात आणि वेळ आली तर एकमेकांच्या भरवशावर पुढं सरकतात. तीन सेक्शनची एक प्लाटून, तिच्यावर जेसीओ. तीन प्लाटूनची एक कंपनी, तिच्यावर मेजर. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही बहुतेक कंपन्यांचीच नावं.

तिसरी ओळ पलटणीची, म्हणजे बटालियनची. चार रायफल कंपन्या, मॉर्टर आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं हाताळणारी एक सपोर्ट कंपनी आणि ड्रायव्हर, क्लार्क, स्वयंपाकी, वायरलेसवाले यांची हेडक्वार्टर कंपनी. सगळे मिळून आठशेच्या आसपास. त्यांचा प्रमुख कर्नल. सुट्टीवर आलेला जवान ‘सीओ साब’ म्हणतो ते यांनाच. जवानाची सुट्टी, बढती, शिक्षा, घरची अडचण, सगळं इथपर्यंत येतं. माझं मत विचाराल तर जवानाच्या दृष्टीनं फौज म्हणजे पलटण. त्याच्या वरचं सगळं त्याला नकाशात दिसतं.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट, मग ती सगळी एकत्र लढत असेल, असं आपण धरून चालतो. तसं नाही. रेजिमेंट हे जवानाचं माहेर आणि ब्रिगेड हे सासर. भरती, प्रशिक्षण, निशाण, परंपरा, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा, हे सारं रेजिमेंटचं. तिचं केंद्र बेळगावला, जवानांच्या भाषेत नुसतं ‘सेंटर’. पण काम करायचं ते ब्रिगेडमध्ये, जिथं मराठ्यांच्या शेजारी शीख, डोग्रा, गढवाली अशी कुठलीही पलटण असते.

ही रीत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पूना डिव्हिजन गेली होती. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या, आणि तिन्ही तीन वेगळ्या ब्रिगेडमध्ये. कुत अल अमारा या गावी तुर्कांनी या डिव्हिजनला वेढा घातला. धान्य संपलं, घोडे मारून खायची वेळ आली आणि 29 एप्रिल 1916 रोजी डिव्हिजननं शरणागती पत्करली. वेगवेगळ्या क्रमांकांच्या या मराठा पलटणी एका रेजिमेंटच्या नावाखाली आल्या त्या पुढं 1922 मध्ये. त्यातली सर्वांत जुनी, जंगी पलटण, 1768 ची.

पत्त्यात पलटणीच्या वरचं काही लिहिलेलं नसतं, पण असतं भरपूर. साधारण तीन पलटणींची ब्रिगेड, तिच्यावर ब्रिगेडियर. तीन-चार ब्रिगेडची डिव्हिजन, तिच्यावर मेजर जनरल. डिव्हिजनमध्ये पायदळाबरोबर तोफा, इंजिनिअर, सिग्नल, दवाखाना, रसद असं सगळं जोडलेलं असतं, त्यामुळे ती स्वतःच्या बळावर लढाई चालवू शकते. त्याच्या वर कोअर आणि कोअरच्या वर कमांड. भूदलाच्या लढाऊ कमांड सहा. आपला भाग दक्षिण कमांडमध्ये येतो आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. सगळ्यांच्या वर लष्करप्रमुख, त्यांच्या वर निवडून आलेलं सरकार. घटनेनुसार सेनादलांचं सर्वोच्च प्रमुखपद राष्ट्रपतींकडे.

आता ते 56 ए.पी.ओ. ए.पी.ओ. म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. 56 ची डाक दिल्लीला जमा होते, 99 ए.पी.ओ. ची कोलकात्याला. तिथं बसलेल्या माणसांना कुठली पलटण आज कुठं आहे हे ठाऊक असतं; दुसऱ्या कुणाला ते कळायचं कारण नाही. पलटण राजस्थानातून अरुणाचलात गेली तरी पलटणीचं ठिकाण पाकिटावर उघड होत नाही. पोस्टखात्यातली माणसं लष्करी गणवेश घालून हे काम करतात आणि त्यांचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. टपालखात्यानं इतक्या निगुतीनं झाकलेलं ठिकाण आपण मात्र पोराचा फोटो, गावाचं नाव आणि ‘पोस्टिंग मिळाली’ असं लिहून मोबाइलवर जगजाहीर करतो. ते करू नये.

तिसऱ्या ओळीत मराठा हा शब्द नसेल तर? मग पोरगा तोफखान्यात असेल, रणगाड्यांवर असेल, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये पूल बांधत असेल, रसद पोचवत असेल, गाड्या दुरुस्त करत असेल, सिग्नलमध्ये असेल. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे लष्करात सिग्नलमध्ये नाईक होते. तिथून निवृत्त होऊन ते मुंबई पोलिसांत गेले आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री त्यांनी दहशतवादी कसाबची रायफल दोन्ही हातांनी धरून ठेवली. ‘आमचा लढाईत नसतो, ऑफिसात असतो’ असं आई-बाप कमीपणानं सांगतात, तेव्हा मला हे नाव आठवतं.

आणि पत्त्यात सीआरपीएफ, बीएसएफ किंवा आयटीबीपी असं काही असेल, तर तो भूदलात नाही. ही दलं गृहमंत्रालयाच्या हाताखाली, भूदल-नौदल-हवाईदल संरक्षण मंत्रालयाच्या. गावात दोघांनाही मिलिटरीच म्हणतात आणि मानाच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण पेन्शन, कॅन्टीन, सवलती यांचे नियम वेगळे असतात, म्हणून फरक माहीत हवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात सांगली बुडाली, तेव्हा हे सगळे एका पाण्यात दिसले. भूदलाच्या बोटी होत्या, नौदलाच्या होत्या, आणि आपत्तीत मदतीला येणाऱ्या एनडीआरएफच्या. यातलं एनडीआरएफ गृहमंत्रालयाचं. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ असते. सैन्य पुरात आपण होऊन उतरत नाही. नागरी प्रशासन मदत मागतं, मग तुकड्या येतात. काम जिल्हाधिकारी सांगतात, जवानांना हुकूम मात्र त्यांचाच अधिकारी देतो.

पत्त्यात ‘राष्ट्रीय रायफल्स’ असेल, तर आणखी एक नाव आठवतं. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे सातारच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. देशातलं हे पहिलं सैनिक स्कूल, 1961 चं. महाडिक मूळचे 21 पॅरा या विशेष दलाचे. ही 21 पॅरा पूर्वी मराठा लाइट इन्फंट्रीचीच पलटण होती. पुढं ते 41 राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख झाले. राष्ट्रीय रायफल्स हे दहशतवाद्यांशी लढण्यासाठी 1990 मध्ये उभं केलेलं दल. त्यात सरळ भरती होत नाही. जवान आपापल्या रेजिमेंटमधून ठरावीक काळासाठी जातात. 41 ही मराठ्यांची. 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्यात महाडिक शहीद झाले. दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईचं खडतर प्रशिक्षण पुरं करून लेफ्टनंट झाल्या, आणि त्यांना शाखा मिळाली ती दारूगोळा-साहित्य पुरवणाऱ्या ऑर्डनन्सची. एका घरानं फौजेची दोन टोकं पाहिली.

रचना बदलतेही आहे. 1 जानेवारी 2020 पासून तिन्ही दलांत मेळ घालण्यासाठी संरक्षण दल प्रमुख हे पद आलं. एका प्रदेशातलं भूदल, नौदल, हवाईदल एकाच सेनापतीच्या हाताखाली द्यायचं, असा विचार त्यामागं आहे. चीननं 2016 मध्ये अशा पाच कमांड केल्या. आपल्याकडे अंदमान-निकोबारात 2001 पासून तशी एक आहे. दुसरा बदल तुमच्या उंबऱ्याशी आलेला: 2022 पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी, आणि त्यातल्या 25 टक्क्यांपर्यंत जवानांना पुढं कायम करण्याची तरतूद. पलटणीचं नातं चार वर्षांत मुरतं का, याबद्दल मला शंका आहे. जुन्या सुभेदारांनाही आहे.

शेवटी घरच्यांसाठी कामाची गोष्ट. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पलटणीमार्फत ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये व्हावी लागते आणि ती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जमा होते. मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथं बायकोचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं असलं, तर कुटुंब पेन्शनच्या वेळी विधवा बाईला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. तेव्हा पोरगा सुट्टीवर आला की त्याचा नंबर, पलटण आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता वहीत उतरवून घ्या आणि नावांची अक्षरं ताडून पाहा. अडलं तर सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं जाऊन विचारा.