जो आला नाही, त्याची नोंद



सुरतेत दीक्षान्त भाषण मराठीत करा, असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकले. मग आज पदवी घेणाऱ्या डॉक्टर, नर्स आणि डायलिसिस टेक्निशियन मुलामुलींची यादी पाहिली. पाटील, महाजन, बोरसे, सोनवणे, चौधरी. पत्ते उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली. तुमच्यातल्या कितीजणांचे आजोबा सुरत-भुसावळ गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून लूमवर कामाला आले असतील, हे तुम्हालाच ठाऊक. गुजराती मित्रांनी मला सांभाळून घ्यावं. मराठी तुम्हाला चांगली समजते, फक्त भाव करताना ती समजेनाशी होते, एवढा अनुभव मी कालच बाजारात घेतला.

मी किडनीची डॉक्टर आहे, तेव्हा डायलिसिसबद्दल बोलणार. यंत्राबद्दल थोडक्यात आटोपते. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि त्या नळीतून रुग्णाचं रक्त फिरवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनरने हातात कायमची राहील अशी नळी बसवली, आणि त्याच रुग्णाचं डायलिसिस पुन्हा पुन्हा करता येऊ लागलं. लगेच अडचण उभी राहिली: यंत्रं मोजकी, रुग्ण भरपूर. तेव्हा तिथे सात जणांची समिती नेमली गेली. वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, कामगार पुढारी असे लोक बसून कोणाला यंत्र द्यायचं ते ठरवत. १९६२ मध्ये ही गोष्ट मासिकात छापून आली आणि अमेरिकेत बराच गहजब झाला.

आपल्याकडे अशी समिती नेमायची वेळच येत नाही. ते काम गाडीभाडं करतं, लूमची बारा तासांची पाळी करते. गहजब कोणी करत नाही, कारण निकाल कुठे लिहिलेला नसतो.

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. अर्थमंत्री अरुण जेटलींनी तेव्हा सांगितलं होतं, की देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, डायलिसिस केंद्रं साधारण ४,९५० आहेत, ती बहुतांश खासगी आणि मोठ्या शहरांतली आहेत, आणि गरज निम्मीच भागते. एका वेळचा खर्च तेव्हा सुमारे २,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाखांच्या वर. लांबच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी यांचाही त्या भाषणात उल्लेख होता. अर्थमंत्र्यांच्या भाषणात बुडालेली मजुरी येते तेव्हा मी कान देऊन ऐकते.

पण असे आकडे येतात कुठून? किडनी कायमची निकामी झालेले नवे रुग्ण वर्षाला किती, हे लोकवस्तीच्या आधारे मोजण्याचं मोठं काम भोपाळमध्ये झालं. गोपेश मोदी आणि विवेकानंद झा यांचा तो निबंध २००६ चा. पावणेसहा लाखांच्या जवळ लोकसंख्या, आणि वयाचा हिशेब धरून दर दहा लाखांमागे २३२ नवे रुग्ण. भोपाळच का? कारण मोजणीतली माणसं भोपाळच्या वायुदुर्घटनेतले पीडित होते आणि त्यांना उपचार मोफत होते. पैसे नाहीत म्हणून कोणी घरी राहत नव्हतं, आणि जो आला तो वहीत सापडत होता. भारतात किती किडन्या निकामी होतात हे समजायला आपल्याला त्या दुर्घटनेतल्या माणसांची नोंद कामी यावी, यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

दुसरं काम तुमच्या जवळचं, नडियादचं. तिथल्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलचे डॉ. मोहन राजापूरकर आणि देशभरातले किडनीतज्ज्ञ यांनी रुग्णांची नोंदवही सुरू केली. सक्ती नव्हती, ज्याने त्याने स्वतःहून फॉर्म भरायचे. २०१२ मध्ये अहवाल छापला तेव्हा ५२,२७३ प्रौढ रुग्णांची माहिती हाती होती. ३१ टक्क्यांचं कारण मधुमेह. ४८ टक्के रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरकडे आले तेच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात. उत्पन्न जितकं कमी, तितका आजार पुढे गेलेला. आणि १६ टक्क्यांचं कारण कळलंच नाही. हे कारण न कळलेले रुग्ण वयाने लहान होते आणि सरकारी दवाखान्यात जास्त सापडत होते.

या १६ टक्क्यांपाशी मी थोडी रेंगाळणार आहे. आंध्रच्या श्रीकाकुलममध्ये उद्दानम भाग आहे, तिथे मधुमेह नसलेल्या, उच्च रक्तदाब नसलेल्या माणसांच्या किडन्या जातात. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये उसाच्या फडात राबणाऱ्या तरुणांचं तेच. तिथल्या संशोधकांचा मोठा संशय उन्हातल्या ढोरमेहनतीवर आणि कमी पाण्यावर आहे. वाद मिटलेला नाही. आता तुम्ही पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये मे महिन्यात उभे राहा. वाफ, तापलेले रोल, बारा तास, आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिणारा माणूस. आमच्या महाराष्ट्रातले ऊसतोड कामगार याच रांगेतले. या मंडळींचं क्रिएटिनिन पाळीच्या आधी आणि पाळीनंतर तपासायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मिलमालकाची परवानगी लागते, आणि ती मिळवणं हे तपासणीपेक्षा अवघड आहे, हेही सांगून ठेवते.

टेक्निशियन मुलांनो, आता तुमच्याकडे वळते. एका वेळच्या डायलिसिसला चार तास लागतात. मिनिटाला ५०० मिलीलीटर द्रव धरला तर रुग्णाच्या रक्तासमोरून १२० लीटर पाणी जातं. नळाचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लँटमधून क्लोरिन निसटलं तर लाल पेशी फुटतात. म्हणजे सकाळी पाणी तपासून वहीत सही करणारा जो कोणी असतो, त्याच्या सहीवर त्या दिवशीचे सगळे जीव असतात. ती सही आठवडाभराची एकदम करू नका.

आणि फिस्टुला. मनगटापाशी धमनी आणि शीर जोडायची ही युक्ती १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली, आजही तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. सुई लावण्याआधी तुम्ही त्यावर बोट ठेवता आणि खाली घरघर लागते. ती लागली की काम चालू. पण तो हात जरा आणखी नीट बघा. लूमवरचा कारागीर असेल तर बाही मनगटापर्यंत ओढलेली असते, उन्हाळ्यातसुद्धा. शिरा फुगलेला हात शेठला दिसला तर काम जाईल, ही भीती. त्या हाताने ओझं उचलू नका असं आपण बजावतो, आणि त्याच हाताने तो धाग्याचं बीम उचलून आलेला असतो. रेशनकार्ड शिंदखेड्याचं, खोली लिंबायतची, तेव्हा कोणती योजना कुठे लागते हे त्याला कोणी धड सांगितलेलं नसतं. असा माणूस आठवड्यातून तीन वेळा येतो, मग दोन वेळा, मग एकदा. मग येत नाही. त्याच्या जागी प्रतीक्षा यादीतला दुसरा येतो, खुर्ची भरते आणि महिन्याच्या अहवालात केंद्र शंभर टक्के चालू दिसतं.

२०२० च्या टाळेबंदीत डॉ. नारायण प्रसाद आणि सहकाऱ्यांनी देशातल्या १९ मोठ्या रुग्णालयांकडून माहिती मागवली. टाळेबंदीआधी डायलिसिसवर २,५१७ रुग्ण होते. पहिल्या तीन आठवड्यांत ७१० जणांची निदान एक खेप चुकली. १०४ जण यायचेच थांबले. मृत्यूची खात्री झालेले ९. त्या १०४ आणि ९ मधलं अंतर बघा. संशोधकांनी ते आकडे प्रामाणिकपणे छापले म्हणून निदान ते अंतर दिसतं तरी. एरवीच्या वर्षात, टाळेबंदी नसताना, किती जण असे थांबतात?

सुरतेत उभं राहून नोंदीचं महत्त्व सांगणं म्हणजे खरं तर आगाऊपणा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक हे शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, आणि शहर धुऊन निघालं हे सगळे सांगतात. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की दवाखान्यांकडून तापाच्या रुग्णांची माहिती रोजच्या रोज महापालिकेकडे जायला लागली. आजार कुठल्या वस्तीत डोकं वर काढतोय हे कागदावर दिसायला लागलं. अवयवदानातही या शहराने नाव काढलंय. इथल्या ‘डोनेट लाइफ’ संस्थेचे कार्यकर्ते मेंदूमृत रुग्णाच्या नातलगांशी कसं बोलतात, ते एकदा जाऊन ऐका. पण प्रत्यारोपण होईपर्यंत रुग्णाला जगवायचं काम डायलिसिसच्या खुर्चीचं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. तुमच्या केंद्रात हजेरीची वही असते. तिच्यात एक रकाना वाढवा: आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावा. गुजरातीत, मराठीत, अहिराणीत, उडियात, जी त्याची असेल त्या भाषेत. ‘कसं काय शे, नाना?’ एवढ्याने माणूस बोलता होतो. तो जे कारण सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘वैयक्तिक कारण’ असं लिहू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. गावी गेला असेल तर गावाचं नाव, पैसे संपले असतील तर किती कमी पडले ते. फोन बायकोने उचलला आणि तो गेला असं सांगितलं, तर तारीख विचारा. ही तारीख विचारणं जड जातं, पण नेमकी तीच कुठे सापडत नाही. डॉक्टर मंडळींनी वर्षाअखेर हा रकाना उघडून बसावं. निबंध होईल की नाही ते नंतर बघू.

फोन कोणी लावायचा, टेक्निशियनने की नर्सने की डॉक्टरने, यावर पहिल्याच आठवड्यात भांडण होणार हे मला पक्कं माहीत आहे. ते मी इथेच मिटवते: ज्याने शेवटची सुई काढली, त्याने फोन लावायचा.